धुराड्यावरची जाळी

इस्लामपूर आणि आष्ट्याच्या मधल्या आमच्या गावात ज्याला कुकर म्हणतात तो घरातला शिटीचा कुकर नव्हे. तो चाकांवर बसवलेला असतो. खाली लाकडाची भट्टी, तिच्यावर पाण्याची टाकी, दोन्ही अंगांना हळद भरायचे लोखंडी ड्रम आणि मधोमध आभाळात गेलेलं धुराडं. खाली जाळ करायचा, वर पाण्याची वाफ झाली की ती नळीनं ड्रममध्ये सोडायची. काढणी झालेली ओली हळद त्या वाफेत शिजते. मग ड्रम उलटा करायचा आणि हळद तिथंच रानात वाळत घालायची. ट्रॅक्टरला जोडून हा कुकर या रानातून त्या रानात फिरतो आणि हळदीच्या दिवसांत त्याच्या मालकाला गावात आमदारापेक्षा जास्त मान असतो.

माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं आमच्या गावात बाहेरगावचा एकच कुकर यायचा. हळद काढली की ती लवकर शिजवावी लागते. ढीग तसाच पडला तर ती उबते, रंग जातो. म्हणून नंबरावरून भांडणं व्हायची, आणि नंबर कुणाचा लागायचा? ज्याच्या घरात पुरुषमाणूस बांधावर उभा राहून आरडाओरडा करील त्याचा. आमच्या गावात घराआड घर फौजेतलं. रान बायकाच बघतात. माझे मालक फौजेत, धाकटा दीर पुण्याकडं कंपनीत. घरात मी, धाकटी जाऊ आणि सासूबाई. आमची हळद दरवर्षी सगळ्यात शेवटी शिजायची.

एका वर्षी ढिगावर हात ठेवला तर आत ऊब लागली. मी त्या कुकरवाल्याला रस्त्यात गाठलं.

"आवं दादा, आमचा नंबर कवा?"

तो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, "मालक आले की सांगा वहिनी. त्यांच्याशी बोलतो मी."

"मालक काश्मिरात हाईत," मी म्हटलं. "हळद हितं हाय."

तो हसला आणि गेला. त्या वर्षी आमची अर्धी हळद काळी पडली. व्यापाऱ्यानं एक हळकुंड मोडून बघितलं आणि काही न बोलता परत टाकलं. ते त्याचं न बोलणं मला कुकरवाल्याच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. पुढच्या हंगामाच्या आत आम्ही जावाजावांनी स्वतःचा कुकर आणला. धाकटी जाऊ त्याआधीच ट्रॅक्टर चालवायला शिकली होती. तिनं पहिल्यांदा कुकर जोडून गावातून नेला तेव्हा मारुतीच्या पारावरची माणसं गप्पा थांबवून बघत राहिली. ती खाली मान घालील असं त्यांना वाटलं असावं. तिनं हॉर्न वाजवला.

आम्ही ठरवलं होतं की आधी बायकांची रानं करायची. ज्या घरात गडीमाणूस बाहेर, तिथं कुकर आधी जाईल. पहिले काही दिवस काम झकास चाललं. सकाळी जाळ घातला की थोड्या वेळात वाफ सुरू व्हायची, ड्रमखालच्या तोटीतून पिवळं पाणी गळायचं आणि रानभर हळदीचा उग्र, गरम वास पसरायचा. हळकुंडात काडी घालून बघायची. सहज आत गेली की झालं. आम्हाला वाटलं, यात अवघड ते काय?

अवघड ते वर होतं, धुराड्याच्या तोंडाशी, जिथं आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

कुकर बनवणाऱ्यानं धुराड्यावर पत्र्याची टोपी दिली होती. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून असते तशी, तीन पायांवर बसवलेली, चारी बाजूंनी उघडी. भट्टीत आम्ही मिळेल ते सारत होतो. सुबाभूळ, आंब्याच्या फांद्या, उसाची खोडकी, हळदीचा वाळलेला पाला. पाला टाकला की भडका उठायचा आणि ठिणग्या टोपीला थडकून चारी दिशांना उडायच्या. माझ्या साडीला भोकं पडली होती. जावेच्या ओढणीलाही. आम्ही ती भोकं एकमेकींना दाखवून हसायचो.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. वारं सुटलेलं, उसाचं पाचट कडकडीत वाळलेलं, ज्वारीची काढणी होऊन कडब्याच्या गंजी नुकत्याच रचलेल्या. त्या दुपारी आम्ही एका बाईच्या रानात हळद शिजवत होतो. तिच्या बांधाला लागून आमच्या भावकीतल्या आबांचं रान. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. गावात त्यांचा शब्द चालतो आणि तो चालतो हे त्यांना माहीत आहे. मी भट्टीत पाला सारला, वर बघितलं, आणि एक ठिणगी इतरांसारखी विझली नाही. ती लाल राहिली, वाऱ्यावर तरंगत बांधापलीकडं गेली आणि आबांच्या गंजीवर बसली. मी ओरडत पळाले. मी पोचेपर्यंत गंजीतून धूर निघत होता, आणि मग ती एकदम पेटली.

माणसं जमली. शेजारच्या विहिरीवरची मोटार चालू करून कुणीतरी पाइप ओढत आणला. गंजी वाचली नाही, पण पलीकडचा गोठा वाचला. म्हशी आधीच सोडल्या होत्या. गंजी काळी होऊन बसली तेव्हा आबा माझ्याकडं आले. मला वाटलं, शिव्या देतील. ते शांतपणे म्हणाले, "झालं समाधान?"

त्या संध्याकाळच्या आत आम्ही आमच्या गंजीतला कडबा ट्रॉलीत भरला आणि त्यांच्या दारात नेऊन उतरवला. जाऊ पेंढ्या टाकत होती, मी रचत होते. नुकसान आमच्या कुकरनं झालं होतं, ते भरून देणं आमचं काम होतं. त्याबद्दल माझ्या मनात कधी दुसरा विचार आला नाही. पण आबांना कडबा नको होता. त्यांना कुकर बंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पारावर बोलावणं आलं. मी गेले. जाऊही आली. पारावर सगळे पुरुष, आम्ही दोघी खाली उभ्या. एकजण म्हणाला, "हे आगीचं काम हाय. बायकांचं न्हवं." दुसरा म्हणाला, "कुकर त्या बाहेरगाववाल्याला इकून टाका. गपगुमान घरात बसा." आबा शेवटी बोलले.

"सूनबाई, तुमी कडबा दिला, मानलं. आता कुकर बी सोडा. पुन्यांदा कुणाचं रान पेटलं तर कुणी जिम्मा घ्यायचा?"

"मी घेते की," मी म्हटलं.

"कशी?"

"ठिणगी बंद करते."

पारावर हसणं फुटलं. कुणीतरी म्हणालं, "ठिणगीला काय सांगणार हाईस, घरात बस म्हणून?"

माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, "आबा, ठिणगी बंद करीन. कुकर न्हाई बंद करणार. तुमी म्हणताय तर ठिणगी बंद हुईस्तवर दुसऱ्याच्या रानात पेटवत न्हाई. माझ्याच रानात पेटवीन. बघायला या."

असं ठरलं की धुराड्यातून ठिणगी बाहेर येणार नाही अशी व्यवस्था झाल्याशिवाय गावच्या शिवारात कुकर पेटवायचा नाही. सरपंचानं ते दोनदा म्हणून दाखवलं. मी ते शब्द नीट ऐकून ठेवले.

रात्री मालकांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती.

"अगं, जाऊ दे की. कशाला गावाशी वाकडं? मी सुट्टीवर आलो की बघू."

"तुमी यायच्या आत हळद संपती," मी म्हटलं. "आन् सुट्टीवर येऊन तुमी काय बघणार? धुराडं?"

ते म्हणाले, "तू न्हाई ऐकणार."

"न्हाई."

"मग शिडी नुसती धुराड्याला टेकवून चढू नको. कुकरलाच बांध." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

इस्लामपुरात एका वर्कशॉपमध्ये गेले. मिस्त्रीला सांगितलं, टोपीला चारी बाजूंनी जाळी पाहिजे. त्यानं विचारलं, केवढी? मी म्हटलं, ठिणगी जाणार नाही एवढी. त्याच्याकडं चाळणीसारखी बारीक जाळी होती. ती मला एकदम पसंत पडली. एवढ्या बारीक भोकातून मुंगी जायची नाही, ठिणगी कशी जाईल? त्यानं वेल्डिंग करून दिलं आणि मी ती टोपी मांडीवर घेऊन एसटीनं घरी आले. शेजारची बाई सारखी विचारत होती, हे काय, कोंबड्या झाकायचं?

आमच्याच रानात कुकर पेटवला. सकाळभर एकही ठिणगी नाही. जावेनं माझ्या पाठीवर थाप मारली. पण जेवणवेळ व्हायच्या आत भट्टीच्या दारातून धूर मागं यायला लागला. जाळ मंदावला. लाकडं पेटायच्या ऐवजी धुमसायला लागली. वाफ बसली, ड्रममधली हळद अर्धी कच्ची. आम्ही दोघी डोळे पुसत, खोकत दार उघडून फुंकर घालत होतो आणि तेवढाच धूर आमच्या तोंडावर येत होता.

थंड झाल्यावर शिडी कुकरला बांधून मी वर चढले. जाळी दिसतच नव्हती. सगळी भोकं काजळीनं बुजलेली, आणि त्या काजळीवर काळा, चकचकीत चिकटा. बोट लावलं तर बोटाला आला. रस्त्यावरचं डांबर वितळल्यावर दिसतं तसा, पण त्याचा वास वेगळा, आंबट आणि जळका. टोपी काढून धुराड्यात डोकावले तर आतूनही तोच थर, जागोजाग ओघळ सुकून राहिलेले.

तो चिकटा हातावरून जात नाही. रॉकेल लावा, राख लावा, साबणानं घासा, नखांच्या कडेला राहतोच. त्याच आठवड्यात कऱ्हाडला नात्यात बारसं होतं. मी गेले. पाळण्याला हात लावायची वेळ आली तेव्हा एका बाईनं माझ्या नखांकडं बघून भुवया वर केल्या आणि दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मी हात पदराखाली घेणार होते. घेतला नाही. दोन्ही हातांनी पाळण्याची दोरी धरली आणि सगळ्यांत मोठ्यानं पाळणा म्हटला. सासूबाई परतीच्या वाटेत म्हणाल्या, "लय ओरडलीस." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं केलंस."

परत येऊन मी भट्टीपाशी बसले आणि लाकूड हातात घेऊन बघायला लागले. माझं माहेर पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं. तिकडं पाऊस नाही, पण लाकूड मात्र कडक. आमच्या घरी मेंढरं होती. चुलीसाठी वेड्या बाभळीची लाकडं माझी आई दोन हातांत दोन धरून एकमेकांवर आपटायची. वाजलं तर चुलीत, नाही वाजलं तर परत उन्हात. मी सुबाभळीचे दोन ओंडके आपटले. धप्प असा आवाज आला. पुन्हा दुसरे दोन घेतले. धप्प. ते महिन्याभरापूर्वी तोडलेलं ओलं लाकूड होतं. त्यातलं पाणी वाफ होऊन धुरात जात होतं, धूर थंड होत होता आणि वर धुराड्याला चिकटून त्याचंच डांबर होत होतं. त्यावर मी बारीक जाळी बसवून धुराचा गळा आवळला होता. जाळ मंद झाला की धूर आणखी ओला, आणि चिकटा आणखी जाड.

मग लाकूड बदललं. माहेराहून गेल्या उन्हाळ्यात तोडलेली वेडी बाभूळ ट्रॉली भरून आणली. जाऊ ट्रॅक्टर घेऊन स्वतः गेली, आणि येताना आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणीही घेऊन आली. ओंडके फोडून मनगटाएवढे केले. पाला भट्टीत टाकणं बंद. मिस्त्रीकडं परत गेले आणि अर्ध्या इंचाच्या भोकांची जाड जाळी मागितली.

"वहिनी, यातनं ठिणगी जाईल की," तो म्हणाला.

"बारकी जाईल," मी म्हटलं. "ती खाली यायच्या आत इझती. मोठी जाऊ नये म्हणून आपण खाली सोय करायची."

ती सोय आम्ही त्याच्या वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढली. धुराड्याच्या मध्यावर एक जुनं पिंप बसवायचं, धुराड्यापेक्षा रुंद. धूर त्यात शिरला की पसरून हळू होईल आणि जड निखारे तिथंच तळाला पडतील. पिंपाला मी आडवी पट्टी सांगितली होती. त्यानं ती तिरकी करायला सांगितलं, म्हणजे निखारे अडकून न बसता घसरतील. पिंपाच्या तळाला राख काढायचं दार. टोपीला त्यानं बिजागरी बसवली आणि साखळी सोडली. खालून साखळी ओढली की टोपी उघडते आणि परत सोडली की आपटून बंद होते. आपटली की जाळीवरची काजळी झडते. हे साखळीचं त्याच्या डोक्यातून निघालं आणि त्याला त्याचा एवढा आनंद झाला की त्यानं ती दहा वेळा आपटून दाखवली.

मी गावात निरोप पाठवला, उद्या सकाळी माझ्या रानात कुकर पेटणार आहे, ज्याला बघायचंय त्यानं यावं.

आले. आबा आले, पारावरचे सगळे आले. बायकाही बांधावर येऊन उभ्या राहिल्या. जाळ मस्त धरला. पिवळा, सरळ, धूर जवळजवळ नाहीच. जाऊ साखळी ओढून दाखवत होती. मी मनातल्या मनात आबांना काय बोलायचं ते जुळवत होते. तेवढ्यात धुराड्यातून आवाज यायला लागला.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आधी घुंई घुंई, मग आतून ट्रक जातोय असा. पिंपाच्या वरचा पत्रा लाल व्हायला लागला. वरच्या नळीत जुन्या डांबराचा थर होता. खालचा भाग आम्ही खरवडला होता, वर हात पोचला नव्हता. आज पहिल्यांदा खरा कडक जाळ लागला आणि तो थर आतल्या आत पेटला. टोपीच्या जाळीतून ज्वाळा बाहेर आली.

माणसं मागं पळाली. "पाणी मारा! पाणी मारा!" असा ओरडा झाला. एकजण खरंच बादली घेऊन आला. मी त्याच्या आडवी आले.

"पाणी न्हाई! तापलेला पत्रा तडकंल. मागं हो!"

भट्टीचं दार मी लाथेनं बंद केलं. खालचं राखेचं दार, जिथून वारा आत जातो, तेही बंद केलं आणि कडांवर ओली माती थापली. जावेनं वाफेच्या दोन्ही तोट्या पूर्ण उघडल्या, टाकीत दाब राहू नये म्हणून. वारा मिळाला नाही तर आग मरेल एवढंच मला माहीत होतं. चुलीवर तवा पालथा घातला की जाळ बसतो, तेवढंच. मग आम्ही दोघी मागं सरकून उभ्या राहिलो. मी कमरेवर हात ठेवून धुराड्याकडं बघत होते.

धुराडं गरजत राहिलं. मग घरघर झाली. मग पत्र्याचा लाल रंग काळपट झाला आणि आवाज थांबला. जाळीच्या खालच्या जमिनीवर काजळीचे काळे पापुद्रे पडले होते. वाळलेल्या गवताची एक काडीही पेटली नव्हती.

आबा पुढं आले. "बघितलंस?" ते म्हणाले. "आता तरी पटलं?"

"बघितलं," मी म्हटलं. "वरनं साफ करायचं राहिलं हुतं. आज साफ करते. उद्या परत पेटवते. उद्या बी या."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की. म्हणून तर साफ करायलीय."

त्या दुपारी पिंपाच्या वरचं धुराडं उतरवून, टोपी काढून जमिनीवर आडवं केलं. पोत्याचा बोळा करून त्यावर लोखंडी साखळी गुंडाळली, दोन्हीकडून दोर बांधले. एका तोंडाशी मी, दुसऱ्या तोंडाशी जाऊ. ती ओढायची, मी ओढायची. आतून जळलेल्या डांबराची कवचं खळाखळा पडत होती. बांधावरच्या बायकांतली एक उतरून आली आणि जावेच्या मागं दोर धरून उभी राहिली. ती विधवा, तिचं रान एवढंसं, तिची हळद काढून ढिगात पडलेली. मग दुसरी आली. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्याजणी भुतासारख्या काळ्या झालो होतो आणि धुराड्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाचं आभाळ गोल, स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या ट्रंकेतली फौजेची पांढरी चादर काढली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नवी हाय ती." मी म्हटलं, "म्हणूनच." वाऱ्याच्या दिशेला, कुकरपासून थोड्या अंतरावर ती चादर जमिनीवर पसरली आणि कडांवर ढेकळं ठेवली. माणसं कालच्यापेक्षा जास्त आली होती, कारण काल तमाशा झाला होता. आजही होईल अशी त्यांना आशा.

दिवसभर कुकर चालला. हळदीचे ड्रम एकामागून एक उलटले. दुपारी वारं वाढलं. माणसं चादरीभोवती गोळा होऊन वाकून बघत होती, जणू काही तिच्यात कुणाचं नशीब लिहिलेलं आहे. चादरीवर काळे ठिपके पडले. एकानं लगेच बोट लावलं आणि ओरडला, "हे बघा!" ठिपका बोटाला पुसून आला. थंड काजळी. खाली कापड जसंच्या तसं. उन्हं उतरल्यावर आम्ही चादर उचलून दोघींनी दोन टोकं धरून ती उजेडासमोर धरली. भोक एकही नव्हतं.

"धरा की जवळनं," मी आबांना म्हटलं. "चांगली बघून घ्या."

त्यांनी बघितली. मग म्हणाले, "ठीक हाय." आणि निघून गेले. पारावरच्या कुणी आमचं अभिनंदन केलं नाही. मला त्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या विधवा बाईच्या रानात कुकर लावला.

आबांनी त्या वर्षी बाहेरगावच्या कुकरवाल्याला सांगितलं होतं. तो नेहमीप्रमाणं आज येतो, उद्या येतो करत राहिला. आबांचा ढीग उबायला लागला. त्यांच्या सुनेनं निरोप आणला, आबा विचारतात, तुमचा कुकर येईल का?

जाऊ म्हणाली, "आक्का, जायचं न्हाई. पारावर कसं बोलले!"

मी म्हटलं, "जायचं. पण नंबरानं." आबांच्या आधी दोन बायकांची रानं होती. मी सुनेला तसं सांगितलं. थोड्या वेळानं आबा स्वतः आले.

"सूनबाई, माझी हळद काळी पडतीय."

"आबा, त्या दोघींची बी पडतीय."

"मी भावकीतला हाय."

"व्हय. म्हणून तर तिसरा नंबर दिला. न्हाईतर तुमी उशिरा सांगितलंय."

मला वाटलं आता भडकतील. ते वळले आणि गेले. तिसऱ्या नंबरला आम्ही त्यांच्या रानात पोचलो तेव्हा त्यांनी कुकर लावायच्या जागेभोवतालचं गवत काढून, पाचट लांब ओढून, जमीन ओली करून ठेवली होती. ओल्या पोत्यांचा ढीगही होता. आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली नाही आणि मीही ती मागायला लावली नाही. त्यांच्या घरून चहा आला, तो आम्ही प्यायलो.

पुढच्या हंगामात तो बाहेरगावचा कुकरवाला आमच्या शिवारात आला तेव्हा मी वाटेत ट्रॅक्टरच्या आडवी उभी राहिले. त्याच्या धुराड्यावर नुसती पत्र्याची टोपी होती.

"जाळी कुठाय?" मी विचारलं.

"कसली जाळी?"

"ठिणगीची. जाळीबिगर कुकर पेटवायचा न्हाई, असं गावानं ठरवलंय. पारावर ठरलंय. सरपंचाला विचारा."

त्यानं सरपंचाला फोन लावला. मी तिथंच उभी राहिले. सरपंच काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण कुकरवाल्याचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून तो म्हणाला, "हा नियम तुमच्यासाठी केलेला हुता ना वहिनी?"

"गावासाठी केलेला हाय," मी म्हटलं.

"आन् मी न्हाई ऐकलं तर?"

"तर मी हितनं हलत न्हाई. तुमचा ट्रॅक्टर माझ्या अंगावरनं न्या."

त्यानं बराच वेळ शिव्या पुटपुटल्या. मग ट्रॅक्टर मागं घेतला, त्या अरुंद पाणंदीत वळवताना त्याचा घाम निघाला, आणि तो आष्ट्याच्या दिशेनं गेला. दोन दिवसांनी आला तेव्हा धुराड्यावर जाळी होती. चाळणीसारखी, बारीक.

मी शिडीशिवाय खालूनच बघितली. "ही तुंबंल," मी म्हटलं. "अर्ध्या इंचाची बसवा, आन् लाकूड वाळलेलं घ्या."

"मला शिकवू नका," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं, आणि बाजूला झाले. जावेनं ट्रॅक्टर सुरू केला होता, आम्हाला पुढच्या रानात पोचायचं होतं.